दोनशे तास आणि परदेशातली पहिली नोकरी

‘दोनशे तास पुरे झाले, की दुबईला लागतो ना पोरगा?’ शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत बारावीच्या निकालानंतर हा प्रश्न आता कानावर येऊ लागला आहे. विचारणाऱ्या बापाला कुणीतरी सांगितलेले असते, की वैमानिकाचा परवाना दोनशे तासांत मिळतो, भारतात नोकरीला वेळ लागतो, पण परदेशात वैमानिकांचा तुटवडा आहे आणि तिकडे लगेच घेतात. यातले पहिले विधान खरे आहे. दुसरे अर्धे खरे आहे. तिसऱ्यावर विसंबून अनेक घरांनी आपली जमापुंजी घालवली आहे. हा लेख त्या तिसऱ्या विधानाविषयी आहे.

या भागाचे आणि विमानांचे नाते आजवर मान वर करून बघण्यापुरतेच राहिले. मुंबईला उतरणारी विमाने खर्डी-आटगावच्या, सरळगाव-टोकावड्याच्या आकाशात दिसतात. त्यांत बसलेली इथली माणसे थोडी, ती चालवणारी त्याहून थोडी. विमानाच्या नावाने या पट्ट्यात काही आले असेल, तर ते जमिनीचे दुखणे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ नेवाळीला धावपट्टीसाठी ब्रिटिशांनी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या. तो तंटा पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिला आणि जून २०१७ मध्ये तिथे मोठे आंदोलन पेटले. शहापुरातली तानसा आणि भातसा ही धरणे मुंबईला पाणी देतात, आणि त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. आपल्या जमिनीवरून दुसऱ्यांची सोय होते, हे इथल्या माणसाने फार वर्षे पाहिले आहे. त्यामुळे आपले पोरगे विमान चालवील, हा विचार त्याच्या मनात नुसत्या पगाराच्या आकड्याने येत नाही. त्यात मान आहे आणि जुना हिशेब चुकता करण्याची इच्छाही आहे. तिची थट्टा करण्याचा कुणालाही अधिकार नाही.

आता पैसाही थोडा आला आहे. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून जातो, आणि इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. रस्त्यासाठी, गोदामांसाठी, फार्महाऊससाठी जमिनी गेल्या आणि काही घरांत एकरकमी पैसा आला. ज्यांच्याकडे तो आला, त्यांच्या दारात वेगवेगळी स्वप्ने विकणारेही पोचले. ज्यांची जमीन आदिवासी खातेदाराची आहे, त्यांची गोष्ट वेगळी. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ नुसार ती जमीन बिगरआदिवासीकडे जाण्यावर कडक निर्बंध आहेत. या संरक्षणामुळेच आज बऱ्याच ठाकूर आणि महादेव कोळी कुटुंबांच्या नावावर जमीन शिल्लक आहे. कातकऱ्यांकडे बहुधा तीही नाही. पण पन्नास लाखांचे शैक्षणिक कर्ज मागायला गेल्यावर बँक तारण मागते, तेव्हा हीच जमीन उपयोगी पडत नाही. म्हणजे एकाच तालुक्यात एकाला वैमानिक होण्यासाठी जमीन विकता येते आणि दुसऱ्याला सहजी गहाणही टाकता येत नाही.

शिकण्याची ठिकाणे तशी फार लांब नाहीत. ठाणे जिल्ह्यात उड्डाण प्रशिक्षण संस्था नाही, पण शहापूरच्या दारातून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता धरला की धुळे येते. तिथल्या गोंदूरच्या धावपट्टीवर बॉम्बे फ्लाइंग क्लबने प्रशिक्षण चालवले आहे. क्लबचा जन्म १९२८ सालचा, जुहूचा. माळशेज चढून पुणे जिल्ह्यात उतरले की पुढे बारामती. समृद्धीच्या दुसऱ्या टोकाला नागपूर फ्लाइंग क्लब, आणि त्याच्याही पुढे गोंदियाला बिरसीच्या विमानतळावर राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था. अमरावतीला बेलोऱ्याच्या विमानतळावर एअर इंडियाने मोठी प्रशिक्षण संस्था उभारायला घेतली आहे. आधी देशातली ही दारे ठोठावून बघावीत, असे मला वाटते.

परवान्याला लागणाऱ्या दोनशे तासांत काय असते, ते घरातल्या सगळ्यांना माहीत हवे. भारतात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी (सीपीएल) वय किमान १८ लागते आणि एकूण २०० तासांचे उड्डाण लागते. त्यातले १०० तास विमानाची जबाबदारी स्वतः घेऊन करायचे. त्या शंभरांत २० तास एका गावाहून दुसऱ्या गावी केलेल्या उड्डाणांचे, आणि त्यात एक उड्डाण किमान ३०० सागरी मैलांचे. १० तास फक्त उपकरणे बघून, ५ तास रात्री. शिवाय हवाई दिशाशास्त्र, हवामानशास्त्र, हवाई नियम, विमानाचे तंत्र आणि रेडिओ या विषयांच्या परीक्षा. हे सारे बहुधा सेस्ना १७२ सारख्या लहान विमानावर होते. त्याचे वजन जेमतेम एक टन. प्रवासी कंपन्यांचे एअरबस ए-३२० उड्डाणावेळी सुमारे ७८ टनांचे असते. तिथल्या सहवैमानिकाच्या उजव्या सीटपर्यंत पोचायला दोन इंजिनांचे रेटिंग, उपकरण रेटिंग, मग त्या विमानाचे टाईप रेटिंग आणि त्यानंतर प्रवासी घेऊन केलेले लाईन ट्रेनिंग लागते. परवान्याचा खर्च आज पन्नास लाखांच्या पुढे जातो. टाईप रेटिंगचे आणखी वीसेक लाख धरावे लागतात. विमान कंपन्यांचे कॅडेट कार्यक्रम एक कोटीच्या आसपास किंवा वर जातात. या धंद्यात दोनशे तासांच्या मुलाला ‘फ्रेशर सीपीएल’ म्हणतात. परवाना त्याच्या हातात असतो, नोकरी नसते. पुढची सगळी गोष्ट या मधल्या काळाची आहे.

आता परदेशाकडे वळू. आधी अमेरिका, कारण आपली मुले तिथे शिकायला जातात आणि शिकलो म्हणजे तिथेच लागू, असे घरच्यांना वाटते. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री कोल्गन एअरचे ३४०७ हे विमान न्यूयॉर्क राज्यात बफेलोजवळ उतरताना एका घरावर कोसळले. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक, अशी पन्नास माणसे गेली. वेग कमी झाल्याचा इशारा मिळाल्यावर वैमानिकाने नेमकी उलटी कृती केली, असे चौकशीत निघाले. मृतांच्या नातेवाइकांनी वॉशिंग्टनमध्ये ठाण मांडले, कायदा झाला आणि २०१३ पासून अमेरिकेत प्रवासी विमान कंपनीच्या सहवैमानिकालाही साधारणपणे १५०० तासांची अट लागू झाली. सैन्यातून आलेल्यांना आणि ठरावीक विद्यापीठांतून शिकलेल्यांना थोडी सूट आहे, इतरांना नाही. त्या विमानातल्या दोघांच्याही नावावर दीड हजारांहून अधिक तास होते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अट तासांची घातली गेली, पण उणीव तासांची नव्हती. तरी कायदा तो कायदा. अमेरिकेतला मुलगा मधले तेराशे तास प्रशिक्षक होऊन काढतो. आपल्या मुलाकडे विद्यार्थी व्हिसा असतो, तो संपतो आणि काम करण्याचा हक्क नसतो. अमेरिकेत शिकणे शक्य आहे, चांगलेही आहे. शिकून तिथेच सहवैमानिक होणे ही वेगळी गोष्ट, आणि हे दोन एकच असल्याचे भासवूनच बहुतेक सौदे होतात.

युरोपात तासांची अडचण कमी आहे. दोनशे तासांच्या आसपासची मुले तिथे खरोखर मोठ्या जेटच्या उजव्या सीटवर बसतात. पण त्यासाठी युरोपीय परवाना लागतो, तेरा विषयांची लेखी परीक्षा लागते आणि युरोपात राहून काम करण्याचा हक्क लागतो. ब्रिटन बाहेर पडल्यापासून त्याचा परवानाही निराळा झाला. भारतीय पारपत्रावर हे दार ढकलून उघडत नाही.

राहिले आखाती देश. भिवंडी-पडघ्यापासून खाली कोकणापर्यंत गल्फला गेलेल्या माणसांची परंपरा आहे, म्हणून दुबईचे नाव लवकर पटते. पण एमिरेट्स, कतार एअरवेज किंवा इतिहाद बाहेरून सहवैमानिक घेतात, तेव्हा त्यांना मोठ्या विमानांवरचा अनुभव हवा असतो आणि तो हजारांत मोजला जातो. बिनअनुभवी मुलांसाठी त्यांच्याकडे जी कॅडेटची वाट आहे, ती प्रामुख्याने त्यांच्या स्वतःच्या नागरिकांची. दोनशे तासांवर आखातात उजवी सीट मिळवून देतो, असे कुणी म्हणाले तर तिथेच उठून यावे.

मग कमी तासांवर परदेशात नोकरी मिळतच नाही का? मिळते. त्या नोकऱ्या कशा असतात, ते मात्र सांगितले जात नाही.

आफ्रिकेत बोत्सवाना नावाचा देश आहे. तिथे ओकावांगो नदी समुद्राला न मिळता वाळवंटात पसरते आणि तिच्या पाणथळ प्रदेशात जंगली प्राणी बघायला जगभरचे पर्यटक येतात. त्यांच्या तंबूंच्या मुक्कामांपर्यंत रस्ते नाहीत, मातीच्या धावपट्ट्या आहेत. मऊन हे तिथले शहर. सेस्ना २०६, २१० आणि कॅरॅव्हॅन अशा लहान विमानांनी पर्यटक, भाजीपाला आणि सामान पोचवणाऱ्या कंपन्या इथे आहेत, आणि त्या कमी तासांच्या वैमानिकांना घेतात. वर्षानुवर्षे जगभरातली तरुण मुले पाठीवर बॅग टाकून मऊनला जातात, एखादी खोली धरतात आणि रोज कंपन्यांच्या दारात जाऊन उभी राहतात. कुणाला महिन्यात बोलावणे येते, कुणी पैसे संपले की परततो. देशाच्या नागरिकाला प्राधान्य असते, परवाना तिथल्या परीक्षा देऊन बदलून घ्यावा लागतो आणि कामाचा परवाना कंपनीच्या हातात असतो. काम लागले तर मात्र मुलगा तयार होतो. दिवसातून कितीतरी वेळा उतरणे, आखूड पट्ट्या, धावपट्टीवर आलेले हत्ती, सामान स्वतः चढवणे-उतरवणे. टांझानिया आणि नामिबियातही अशी कामे असतात. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागातही असतात, पण तिथे काम करण्याचा हक्क आधी हवा. कॅनडाच्या उत्तरेत पुष्कळ मुले पहिले वर्ष विमानात सामान भरण्यात घालवतात आणि मग त्यांना सीट मिळते.

इंडोनेशियातली सुसी एअर ही कंपनी पुढे त्या देशाच्या मत्स्यव्यवसाय मंत्री झालेल्या सुसी पुजियास्तुती यांची. मासळी वाहण्यासाठी घेतलेल्या लहान विमानांनी २००४ च्या त्सुनामीनंतर मदत पोचवली आणि त्यातून कंपनी वाढली. तिने जगभरातल्या नवख्या वैमानिकांना कॅरॅव्हॅनवर घेतले. त्यांची बरीच उड्डाणे पापुआच्या डोंगराळ भागात होतात, ढगांत लपलेल्या उतारावरच्या पट्ट्यांवर. ७ फेब्रुवारी २०२३ रोजी याच कंपनीचे वैमानिक, न्यूझीलंडचे फिलिप मेहर्टन्स, पापुआतल्या पारो इथे उतरले आणि फुटीरतावाद्यांनी त्यांना ओलीस धरले. ते सुटले २१ सप्टेंबर २०२४ रोजी, दीड वर्षाहून अधिक काळ जंगलात काढून. हे कुणाला घाबरवण्यासाठी लिहीत नाही. कमी तासांची नोकरी जगात बहुतेक वेळा तिथेच असते, जिथे रस्ता नाही, हवामान वाईट आहे किंवा शांतता नाही. ज्याला हे समजून जायचे आहे, त्याने जरूर जावे. त्याच्या घरच्यांनाही ते समजलेले असावे.

तासांबद्दल बोलताना मला आपल्याच डोंगरातला एक अपघात आठवतो. मुरबाडहून माळशेज चढले की पलीकडे जुन्नर तालुका लागतो. ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्री अलिटालिया कंपनीचे ७७१ क्रमांकाचे डीसी-८ विमान जुन्नरच्या डोंगरावर आदळले. सिडनीहून रोमला जाणारे हे विमान बँकॉकहून निघून मुंबईला उतरणार होते. विमानातली सर्व ९४ माणसे गेली. पावसाळ्याची रात्र होती. वैमानिकाला वाटले की आपण मुंबईच्या जवळ आलो आहोत, प्रत्यक्षात तो बराच अलीकडे होता. त्याने वेळेआधी विमान खाली घेतले आणि मध्ये सह्याद्री होता. चौकशीने दिशेच्या हिशेबातली चूक हे कारण दिलेच, शिवाय या मार्गावरच्या भूप्रदेशाची ओळख नसणे हेही नोंदवले. आंतरखंडीय विमान चालवणारी ती माणसे नवखी नव्हती. पण जुलैतल्या ढगांमागे माळशेजच्या अंगाला किती उंच कडे उभे आहेत, हे इथल्या गुराख्याला ठाऊक होते आणि त्यांना नव्हते. आज उपकरणे खूप सुधारली आहेत, जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणा प्रवासी विमानांत असते. तरीही परक्या देशातल्या डोंगरात लहान विमान घेऊन एकट्याने उतरणाऱ्या दोनशे तासांच्या मुलाला मी हा अपघात वाचायला सांगेन.

याची दुसरी बाजूही आहे. कमी तासांचा वैमानिक म्हणजे कच्चा माणूस, असे नाही. मुंबईच्या आरोही पंडित बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये शिकल्या. मे २०१९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी एका लहान हलक्या विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडला, स्कॉटलंडहून आइसलंड आणि ग्रीनलंड करत कॅनडापर्यंत. तयारी नेटकी असेल, तर वय आणि तास आड येत नाहीत. पण विमान कंपनीचा विमा, त्या देशाचा कायदा आणि परदेशी नागरिकाला काम देण्याचे नियम हे सारे तासांच्या आकड्यावर चालते. तिथे गुणवत्ता दाखवण्याची पाळी येण्याआधीच अर्ज बाजूला पडतो.

म्हणून माझे ठाम मत असे आहे, की मराठी मुलासाठी परदेशाची वाट भारतातल्या पहिल्या नोकरीतून जाते. याला पुरावा आहे. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेज बंद पडली, त्याआधी २०१२ मध्ये किंगफिशर, नंतर मे २०२३ मध्ये गो फर्स्ट. प्रत्येक वेळी अनुभवी वैमानिकांपैकी कितीतरी जण परदेशी कंपन्यांत सामावले गेले. फ्रेशर मात्र इथेच अडकले, कारण देशातल्या जागांसाठीही आता त्यांच्यासमोर अनुभवी माणसे रांगेत उभी होती. आणखी एक पुरावा सरकारनेच दिला. २०२५ मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेपुढे म्हणणे मांडले, की परदेशी कंपन्या आमचे अनुभवी वैमानिक आणि कर्मचारी ओढून नेतात, याला काही आचारसंहिता हवी. २०१७ पासून आपल्याकडे कमांडरला एक वर्षाची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते, तीही याच भीतीपोटी. जग आपल्या अनुभवी वैमानिकाच्या मागे धावते आहे, नवख्याच्या नव्हे. दोन-तीन हजार तास झाले की तोच मुलगा दुबईला अर्ज करतो आणि त्याच्याकडे एजंट मागणी करत नाही, कंपनी मुलाखतीला बोलावते.

देशात मागणी नाही असेही नाही. एअर इंडियाने २०२३ च्या फेब्रुवारीत ४७० विमाने घेण्याचे जाहीर केले, इंडिगोने त्याच वर्षी जूनमध्ये ५००. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पाळायला पुरेसे मनुष्यबळ जुळवता आले नाही आणि इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, ते सगळ्या देशाने पाहिले. तरीही फ्रेशरला थांबावे लागते, कारण विमाने हळूहळू येतात, शिकवणारे कमांडर थोडे आहेत आणि कंपन्या आधी आपल्या कॅडेटना घेतात. या थांबण्याच्या काळात कामाला येणारी एक वाट आपल्याकडे कमी लेखली जाते, ती प्रशिक्षकाची. सहायक उड्डाण प्रशिक्षकाचे रेटिंग घेऊन धुळ्याला, बारामतीला किंवा जळगावला शिकवणारा मुलगा पगार घेत तास वाढवतो. शिवाय दुसऱ्याच्या चुका रोज हाताखाली सावरल्यामुळे तो पक्का होतो. अमेरिकेतले बहुतेक वैमानिक असेच घडतात. लहान विमान कंपन्याही आहेत. गोव्यातून एटीआर विमाने चालवणारी फ्लाय ९१ जळगाव, सोलापूर आणि सिंधुदुर्ग जोडते. एटीआरवरचे हजार तास म्हणजे कमीपणा नाही.

तास वाढवण्याच्या घाईत जे घडते, त्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. या क्षेत्रात पेनाने भरलेले तास हा जुना रोग आहे. विमान उभेच, लॉगबुकात मात्र उड्डाण. जानेवारी २०११ मध्ये गोव्याला एक प्रवासी विमान पुढच्या चाकावर उतरवले गेले, चौकशी झाली आणि त्या वैमानिकाच्या गुणपत्रिकाच बनावट निघाल्या. त्यानंतर देशभरातले परवाने तपासावे लागले आणि आणखी प्रकरणे बाहेर आली. पाकिस्तानात तर जून २०२० मध्ये खुद्द विमान वाहतूक मंत्र्यांनी संसदेत सांगितले, की २६२ वैमानिकांचे परवाने संशयास्पद आहेत. युरोपने लगेच त्यांच्या राष्ट्रीय कंपनीला बंदी घातली, ती उठायला चार वर्षांहून अधिक काळ गेला, आणि परदेशांत काम करणाऱ्या प्रामाणिक पाकिस्तानी वैमानिकांनाही घरी बसावे लागले. परदेशी कंपनी आपला परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून पडताळून घेते. लॉगबुकातला एक खोटा तास पुढे कधीही सापडू शकतो आणि सापडला की पन्नास लाख, दहा वर्षे आणि घराण्याचे नाव एकदम बुडते. तास भरून देतो, असे सांगणाऱ्या संस्थेत एक दिवसही थांबू नये.

एजंटांचेही तसेच. परदेशी नोकरीसाठी भारतातून माणसे पाठवणाऱ्या एजंटाची १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असावी लागते. नोंदणीकृत एजंटांची नावे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येतात. नोकरी लावून देण्यासाठी अशा एजंटाला उमेदवाराकडून घेता येणारे शुल्क कायद्याने जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी इतकेच आहे. वैमानिकाच्या नोकरीसाठी दहा-पंधरा लाख मागणारा माणूस कोणत्या कायद्याने ते मागतो, हे त्याला बसल्या जागी विचारा. काही देशांत पैसे भरून तास विकत देण्याचा प्रकारही चालत आला आहे. मुलगा प्रवासी विमानाच्या उजव्या सीटवर बसतो, काम करतो, आणि पगार घेण्याऐवजी कंपनीला पैसे देतो. ठरलेले तास संपले की त्याची जागा पैसे भरणारा पुढचा मुलगा घेतो. याला मी नोकरी म्हणणार नाही.

गावाकडच्या मुलाला दोन अडचणी जास्त जाणवतात आणि दोन्हींचा बंदोबस्त लवकर करता येतो. पहिली वैद्यकीय तपासणी. रंगांधळेपणा किंवा हृदयाचा एखादा दोष असेल, तर पुढचा सगळा खर्च वाया जातो. दुसऱ्या वर्गाची तपासणी महासंचालनालयाच्या यादीतल्या डॉक्टरकडे काही हजारांत होते, नंतर पहिल्या वर्गाची करावी लागते. कितीतरी जण आधी फी भरतात आणि मग तपासणीला जातात. हा क्रम उलटा करा. दुसरी अडचण इंग्रजीची. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार वैमानिकाच्या इंग्रजीच्या सहा पातळ्या आहेत आणि किमान चौथी लागते. तिथे नटव्या इंग्रजीची अपेक्षा नसते. रेडिओवर ऐकलेले नेमके समजणे, गोंधळाच्या क्षणी स्पष्ट बोलणे, एवढे हवे. किन्हवलीच्या किंवा धसईच्या मराठी शाळेत शिकलेला मुलगा हे वर्ष-दोन वर्षांच्या रोजच्या सरावाने कमावू शकतो. परदेशी मुलाखतीत मात्र अडते ते इथेच, म्हणून सराव अकरावीपासून हवा. वाणिज्य शाखेतून आलेल्यांना भौतिकशास्त्र आणि गणित राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून देण्याची सोय आहे, तीही बऱ्याच जणांना माहीत नसते.

संस्था निवडताना जाहिरातीकडे बघू नये. महासंचालनालयाने उड्डाण प्रशिक्षण संस्थांची श्रेणी वर्षातून दोनदा जाहीर करायला २०२५ च्या अखेरीस सुरुवात केली आणि पहिल्या यादीत सर्वांत वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था नव्हती. संस्थेकडे उडणारी विमाने किती, प्रशिक्षक किती, दोनशे तासांना प्रत्यक्षात किती महिने लागले, हे तिथल्या शिकाऊ मुलांना गाठून विचारा. दीड वर्षाचा अभ्यासक्रम तीन वर्षे रेंगाळला, तर वसतिगृह, जेवण आणि व्याज मिळून हिशेब कुठच्या कुठे जातो. परदेशात शिकून आलात, तरी इथल्या लेखी परीक्षा, वैद्यकीय तपासणी आणि काही उड्डाणे पुन्हा करून परवाना बदलून घ्यावा लागतो. तो खर्च आणि ते महिने आधीच धरून चाला.

पैशाची बाजू ज्यांना पेलत नाही, त्यांच्यासाठी काही सरकारी वाटा आहेत, पण त्या तालुक्यापर्यंत पोचत नाहीत. नागपूरच्या महाज्योती संस्थेने इतर मागास, भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये व्यावसायिक वैमानिकाचे प्रशिक्षण देण्याची योजना आणली. शहापूर-मुरबाडमधली कुणबी आणि आगरी मुले तिच्या कक्षेत येतात. अनुसूचित जाती-जमातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत वैमानिक प्रशिक्षणाचा समावेश आहे. शहापुरात एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, त्याच्या अखत्यारीत आश्रमशाळा आहेत, त्यांत विज्ञान शिकणारी मुले आहेत. माझी या कार्यालयाला आणि दोन्ही तालुक्यांतल्या कनिष्ठ महाविद्यालयांना कळकळीची विनंती आहे: दरवर्षी जुलैमध्ये अकरावी-बारावीच्या मुलांसमोर एक कार्यरत वैमानिक आणि विमान वाहतूक खात्याच्या यादीतला एक डॉक्टर आणून उभा करा. वैमानिकाने तासांचा आणि पैशांचा खरा हिशेब मांडावा, डॉक्टरने ज्यांना खरोखर इच्छा आहे त्यांचे डोळे तिथेच तपासावेत.

आणि पालकांना एवढेच सांगतो. वैद्यकीय तपासणीचा कागद हातात येईपर्यंत जमिनीला हात लावू नका. परवान्याच्या खर्चाइतकीच, परवान्यानंतरच्या दोन वर्षांची तजवीज करा. परदेशी नोकरीची हमी कुणी लिहून दिली, तरी तो कागद घेऊन घरी न येता आधी ई-मायग्रेटवर तो देणाऱ्याचे नाव बघा. पोराला पहिली सीट धुळ्याला प्रशिक्षकाची मिळो की गोव्यात एटीआरची, ती घेऊ द्या. दुबईचा अर्ज त्याला पुढे स्वतः करता येईल.